एल एस्कोरियाल: आराखड्यात लोखंडी जाळी, सॉलोमनचं मंदिर, की आणखी काही?

अश्मक
माद्रिदपासून साधारण 45 किलोमीटरवर, ग्वादारामा डोंगराच्या पायथ्याशी, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने बांधलेली एल एस्कोरियाल ही वास्तू आहे. तिच्याबद्दल एक वाक्य जिथेतिथे भेटतं: संत लॉरेन्सला ज्या लोखंडी जाळीवर भाजून मारलं, त्या जाळीच्या आकाराची ही इमारत. फ्रेंचांविरुद्ध सेंट-क्वेंटिनची लढाई 10 ऑगस्ट 1557 ला, लॉरेन्सच्या सणाच्या दिवशी जिंकली, म्हणून हा नवस.

लॉरेन्सचं नाव का दिलं, याचं उत्तर यात आहे. आराखडा असा का, याचं नाही. 1567 च्या स्थापनेच्या सनदेत फिलिपने कारणं दिली आहेत: देवाचे आभार, आईवडिलांच्या दफनाची सोय, आणि त्यांच्या आत्म्यांसाठी अखंड मिस्सा (कॅथलिकांची वेदीवरची उपासना) व प्रार्थना. जाळीच्या आकाराचा त्यात उल्लेख नाही.

पायाचा दगड 23 एप्रिल 1563 ला बसला आणि शेवटचा चिरा 13 सप्टेंबर 1584 ला. पश्चिमेकडची दर्शनी भिंत सुमारे 207 मीटर, पूर्व-पश्चिम खोली सुमारे 161 मीटर. एवढ्या एका चौकटीत मठ, चर्च, राजवाडा, विद्यालय, ग्रंथालय आणि राजघराण्याचं दफनघर. प्रबोधनकाळात राजसत्ता आणि श्रद्धा एका भिंतीआड आणणारं यापेक्षा मोठं बांधकाम माझ्या तरी डोळ्यांसमोर नाही.

प्रश्न असा की ही सत्ता आणि ही श्रद्धा नेमकी कुठे दिसते? दार, खिडकी, खांब, माप दाखवून सांगा. 'भव्यदिव्य' म्हणून सोडू नका.

पाथरवट
जाळीचं आधी मिटवू. आराखड्याच्या नैर्ऋत्येला मठाचे चार छोटे चौक, वायव्येला विद्यालयाचे चार, मध्ये राजांचा चौक आणि चर्च. असे फुलीवर बेतलेले चार-चार चौक त्याआधी शंभर वर्षं रुग्णालयांसाठी वापरात होते. मिलानमध्ये फिलारेतेचं मोठं रुग्णालय 1456 चं. स्पेनमध्ये सान्तियागो, तोलेदो, ग्रानादा इथली राजाश्रयाची रुग्णालयं 1500 च्या आसपासची. खूप माणसं, प्रत्येक गटाचा वेगळा दिनक्रम, सगळ्यांना उजेड-हवा हवी आणि एकमेकांत मिसळायचं नाही, या गरजेवरचा तो सिद्ध तोडगा होता. पहिला वास्तुविशारद हुआन बाउतिस्ता दे तोलेदो रोममध्ये सेंट पीटरच्या कामावर मायकेलअँजेलोच्या हाताखाली होता आणि पुढे नेपल्सला. त्याला ही परंपरा पाठ असणारच.

मृद्गंध
पण मागच्या बाजूला चर्चच्या वेदीमागून राजाचं घर बाहेर आलंय ना, जाळीच्या मुठीसारखं? चार कोपऱ्यांचे मनोरे म्हणजे उलट्या जाळीचे पाय. इतकं जुळतं तर योगायोग कसा?

पाथरवट
@मृद्गंध, ती मूठ वेगळ्या कारणाने बाहेर आली आहे. राजाच्या शयनगृहातून वेदी दिसायला हवी होती. तशी खोली वेदीला खेटूनच बांधावी लागते, आणि वेदी पूर्व टोकाला असल्याने खोली चौकटीबाहेर जाते. बांधून झाल्यावर लोकांना त्यात जाळी दिसली आणि संताच्या नावाशी छान जुळली. मनोरे म्हणाल तर स्पेनच्या राजवाड्यांना कोपऱ्यात मनोरे असण्याची जुनीच रीत. माद्रिदचा आणि तोलेदोचा अल्काझार, म्हणजे किल्लेवजा राजवाडा, बघा.

सांजवात
सॉलोमनचा मुद्दा, म्हणजे ही वास्तू त्याच्या जेरुसलेमच्या मंदिरावर बेतली आहे हा, इतक्या सहज सुटणार नाही. राजांच्या चौकात चर्चच्या दर्शनी भागावर शिल्पकार मोनेग्रोने घडवलेले ज्यूंच्या बायबलातले सहा राजे उभे आहेत. मधोमध डेव्हिड आणि सॉलोमन. बाप लढवय्या, मंदिराची इच्छा त्याची. मुलगा शहाणा, मंदिर प्रत्यक्ष बांधणारा तो. पाचवा चार्ल्स आणि त्याचा मुलगा दुसरा फिलिप यांना ही जोडी पायाभरणीच्या कितीतरी आधी चिकटली होती. 1554 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटसमोर कार्डिनल पोलने चार्ल्सची डेव्हिडशी आणि फिलिपची सॉलोमनशी तुलना केली. फिलिपच्या बिरुदांत 'जेरुसलेमचा राजा' हेही होतं. पुढे सॉलोमनच्या मंदिराचा आराखडा बायबलवरून रचणारा येशूसंघी (जेझुइट) व्हियालपांदो हा या वास्तूचा पुढचा वास्तुविशारद एरेरा याच्याकडे शिकलेला, आणि त्या खर्चिक ग्रंथाला आश्रय फिलिपचा.

तेव्हा जाळी सोडायला मी तयार आहे, सॉलोमन नाही.

अश्मक
@सांजवात, तुलना जुनी हे मान्य. पण पुतळे बांधकामाच्या अखेरच्या टप्प्यात चढले. मूळ मापं सॉलोमनच्या मंदिरावरून काढली, असं दाखवता येतं का?

सांजवात
मापं नाही दाखवता येणार. क्रम दाखवता येतो. आधी उघडा चौक, मग ओवरी, मग मुख्य जागा, मग वेदी, आणि प्रत्येक टप्प्यावर आत जाणारी माणसं कमी कमी. शिवाय काम करण्याच्या पद्धतीतही सॉलोमन आणला गेला. पाथरवट, दगड खाणीतच घडवण्याचा वाद तुम्ही सविस्तर सांगा.

पाथरवट
आनंदाने. हा माझ्या मते या वास्तूतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे.

तोलेदो 1567 मध्ये वारला. हळूहळू सूत्रं हुआन दे एरेराच्या हातात आली. चर्चचं काम जोरात सुरू करायची वेळ आली, 1575-76 च्या सुमारास, तेव्हा एरेराने आग्रह धरला की चिरा खाणीतच शेवटच्या हातापर्यंत घडवायचा आणि जागेवर आणून फक्त बसवायचा. आधीची रीत अशी की खाणीत ओबडधोबड तोडायचा, बैलगाडीने आणायचा, इमारतीशेजारी टाकी मारायची आणि बसवल्यावर पुन्हा तासायचा.

उस्तादांचा विरोध होता, आणि तो आडमुठेपणा नव्हता. घडवलेल्या चिऱ्याच्या कडा वाहतुकीत टवके उडून खराब होतात. ग्रॅनाइट भरड दाण्याचा, अभ्रक असलेला. कोपरा एकदा उडाला की सांधा झाकायला काही उरत नाही. दुसरं म्हणजे, साच्यात नखभर चूक असेल तर ती दहा थरांनंतर बोटभर होते आणि तोवर खाणीत पुढचे शेकडो चिरे त्याच साच्यावर तयार असतात.

एरेराची बाजू अशी. ओबडधोबड दगडातला जो भाग शेवटी फेकायचाच, त्याचं वजन डोंगरातून ओढून का आणायचं? इमारतीपाशी टाकीकामाची गर्दी संपते, छिलक्यांचे ढीग उपसायचे राहत नाहीत, यारी मोकळी राहते. मात्र त्यासाठी प्रत्येक चिऱ्याचं चित्र आधी कागदावर पूर्ण हवं. जागेवर बघून ठरवू, हा मार्ग बंद. म्हणजे निर्णयाचा हक्क उस्तादाच्या टाकीकडून नकाशा काढणाऱ्याकडे गेला. सत्ता कुठे दिसते म्हणून विचारलंत, तर मला इथे दिसते.

मठाचा इतिहासकार फ्राय होसे दे सिग्वेन्सा हा प्रसंग सांगताना बायबलच आठवतो: सॉलोमनचं मंदिर उभं राहताना तिथे हातोड्याचा आवाज आला नाही, कारण दगड खाणीत तयार होऊन येत.

कोकणकडा
चर्चचं काम दहा भागांत वाटून वीस उस्तादांना उक्तं दिलं होतं, हेही यात जोडा. प्रत्येक भागाला दोन उस्ताद आणि त्यांची टोळी. एकच कंत्राटदार असता तर तो अडून बसला की काम ठप्प. दहा टोळ्या शेजारी शेजारी चढत असल्या की मागे पडणारी लगेच दिसते. त्या काळचं एक चित्र इंग्लंडच्या हॅटफील्ड हाउसमध्ये आहे. त्यात अर्धवट चर्चभोवती कितीतरी लाकडी याऱ्या एकाच वेळी उभ्या दिसतात.

सगळं सुरळीत मात्र नव्हतं. 1577 मध्ये काही पाथरवटांना अटक झाल्यावर बाकीचे कामगार उठले. बांधकामाचा मुख्य मुकादम, मठवासी फ्राय आन्तोनियो दे बियाकास्तिन याने मध्ये पडून प्रकरण शांत केलं. त्याच वर्षी 21 जुलैला वीज पडून आग लागली आणि एका मनोऱ्यातल्या घंटा वितळल्या.

उत्तररात्र
बियाकास्तिनचं नाव आलंच आहे तर आणखी एक. सुरुवातीला 50 मठवासींचा हिशेब होता आणि इमारतीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा बुटका होता. 1564 मध्ये संख्या 100 करायचं ठरलं. पाया तर घातलेला, आडवं पसरायला जागा नाही. बियाकास्तिनने सुचवलं, मजला वाढवा. त्यामुळे चारही बाजूंना छपराची रेघ एकाच उंचीवर आली. आज जी सलग, न तुटणारी कडक रेघ बघून लोक 'राजसत्तेचा निर्धार' वगैरे लिहितात, ती मठवासींच्या खोल्या वाढवताना मिळालेली आहे.

मृद्गंध
@उत्तररात्र, हे माहीत नव्हतं, भारी! मग भिंती इतक्या कोऱ्या का, तेही सांगा. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसचं शांबोर बघा, 1519 चं. छपरावर धुराडी आणि मनोरे यांचा नुसता बाजार. इथे नक्षीचं नाव नाही.

पाथरवट
निम्मं उत्तर दगडात आहे. शांबोरचा चुनखडीचा दगड मऊ, त्यावर पानं-फुलं सहज निघतात. ग्वादारामाच्या ग्रॅनाइटवर बारीक नक्षी केली तर दाणे सुटतात आणि वेळ कैकपट लागतो. त्यावर शोभतात त्या सरळ कडा, मोठे गोळे, साधा डोरिक खांब. उरलेलं निम्मं राजाच्या आवडीचं. छपराला पाटीचा दगड हे त्याने तरुणपणी नेदरलँड्समध्ये पाहिलं आणि तिथले कारागीर बोलावून स्पेनमध्ये रुजवलं. दगड सेगोव्हियाकडच्या बेर्नार्दोसच्या खाणीतला. पाटीला तीव्र उतार लागतो, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी सांध्यातून वर चढतं. म्हणून स्पेनच्या उन्हात ही उत्तरेकडची टोकदार छपरं.

सांजवात
आणि कॅथलिक चर्चची त्रेन्तची धर्मसभा! 1563 च्या डिसेंबरात ती संपली, म्हणजे पायाभरणीच्याच वर्षी. संतांच्या प्रतिमा आणि अवशेष यांचा मान राखा, पण प्रतिमेत भक्ताला गोंधळात टाकणारं काही नको, असा तिचा ठराव. फिलिपने तो मनावर घेतला. साडेसात हजारांच्या आसपास संतांचे अवशेष त्याने इथे जमवले. एल ग्रेकोचं संत मॉरिसच्या हौतात्म्याचं चित्र 1582 मध्ये आलं, पैसे दिले, पण वेदीवर लावलं नाही. त्यात हौतात्म्य मागे कोपऱ्यात आणि पुढे देखणे सेनानी चर्चा करत उभे. सिग्वेन्साचं म्हणणं असं की संतांचं चित्र बघून प्रार्थनेची इच्छा व्हावी, मावळू नये. वेदीसाठी मग रोमुलो चिंचिनातोकडून दुसरं करून घेतलं.

चित्रकार म्हणून ग्रेको मला शंभरपट मोठा वाटतो. पण वेदीवर काय लावायचं, हा निर्णय त्या ठरावाला धरूनच होता.

कमानदार
कोणीच सपाट घुमटीबद्दल बोललं नाही! चर्चमध्ये शिरताच डोक्यावर मठवासींच्या गायनमंचाचा तळ येतो. तो दगडाचा, जवळजवळ सपाट, सुमारे 8 मीटर गाळ्याचा, मध्ये खांब नाही. दंतकथा अशी की राजाने घाबरून खांब मागितला, वास्तुविशारदाने कागदाचा उभा केला आणि मग फुंकर मारून पाडला. कथा बाजूला ठेवून हिशेब बघू.

पाचरीच्या आकाराचे चिरे, मधल्या कळीच्या दगडाभोवती एकाबाहेर एक कड्यांत बसवलेले. समजा जाडी 30 सेंटिमीटर धरली, ग्रॅनाइटचं वजन घनमीटरला 2.7 टन, तर चौरस मीटरला 0.8 टन. दगडाच्या जाडीत लपलेल्या कमानीची उंची 20 सेंटिमीटर मिळते असं धरू. फक्त एका दिशेची पट्टी घेऊन ढोबळ हिशेब केला, तर आडवा दाब कडेच्या प्रत्येक मीटरला सुमारे 32 टन येतो. प्रत्यक्षात दाब चारही बाजूंना वाटला जातो, म्हणून कमी. ग्रॅनाइट चिरडायला हा दाब काहीच नाही. धोका वेगळा आहे: टेकू बाहेर सरकणं. याच हिशेबात टेकूंमधलं अंतर एकूण अर्धा सेंटिमीटरने वाढलं तर मध्यभाग सुमारे 6 सेंटिमीटर खाली येतो. 1 सेंटिमीटर वाढलं तर कमान संपली. म्हणून अशी घुमटी चारही बाजूंना हलणारच नाही असं बांधकाम असेल तिथेच करता येते. इथे बाजूला चर्चच्या प्रचंड भिंती आणि खांब आहेत, आणि त्यांच्यावरच्या वजनाने ते जागच्या जागी दाबून धरले आहेत.

सेंटरिंग, म्हणजे बांधताना खालून दिलेला लाकडी आधार, काढण्याची घाईही इथे मारक. चुन्याचे सांधे पुरते आवळले नसतील तर प्रत्येक सांधा किंचित दबतो आणि सगळ्यांची बेरीज वरचाच परिणाम करते. म्हणूनच सांधे जितके पातळ तितके बरे, आणि म्हणूनच पाथरवटांनी सांगितलेली नेमकी घडाई इथे जिवावरची गोष्ट आहे.

मृद्गंध
पण एवढा खटाटोप कशाला? दोन खांब दिले असते तर?

कमानदार
घुमटी नेहमीसारखी उंच केली असती तर वरचा गायनमंच आणखी वर गेला असता. तो मठाच्या वरच्या मजल्याच्या पातळीला हवा होता, म्हणजे मठवासी पायऱ्या न चढता थेट प्रार्थनेला येतील. आणि खांब दिले असते तर खालून वेदी दिसली नसती.

अश्मक
@कमानदार, इथेच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागलंय. त्या सपाट छताखाली कोण उभं राहायचं? सामान्य लोक. मुख्य चर्च हे राजाचं खासगी प्रार्थनास्थळ, तिथे प्रजेला सर्रास प्रवेश नव्हता. लोकांची मिस्सा या बुटक्या छताखालीच होई आणि पुढे जाळीचे दरवाजे. तिथून समोर पाहिलं की 90 मीटरहून उंच घुमटाखालची मोकळी जागा आणि तिच्या टोकाला वेदी. डोक्यावर मठवासी गात आहेत, ते दिसत नाहीत. राजा वेदीशेजारी, तोही दिसत नाही.

उत्तररात्र
आणि वेदीखाली मृत. उभा छेद, म्हणजे इमारत मधोमध उभी कापल्यावर दिसेल ते चित्र, डोळ्यांसमोर आणा: पश्चिमेला खाली प्रजा, वर मठवासी, मध्ये घुमट, पूर्वेला वेदी, तिच्या बाजूला राजाचं अंथरूण, तिच्या खाली राजाचे आईवडील. ही कल्पना चार्ल्सची. राज्यत्याग करून तो युस्तेच्या मठात राहिला तेव्हा त्याच्या खोलीतून वेदी दिसत असे. मृत्यूपत्राच्या पुरवणीत त्याने इच्छा लिहिली होती की मिस्सा करणाऱ्या पाद्रीचे पाय आपल्या छातीवर आणि डोक्यावर येतील असं दफन करावं. तो 1558 मध्ये गेला. मठ दोन्हीकडे एकाच पंथाचे, संत जेरोमचे. या पंथात सामुदायिक प्रार्थनेला दिवसाचे कितीतरी तास दिले जातात आणि अखंड मिस्सा चालवायला राजाला तेच हवं होतं.

वेदीच्या दोन्ही बाजूंना पॉम्पेओ लेओनीने घडवलेले सोनेरी मुलाम्याचे ब्राँझ पुतळे आहेत: एकीकडे चार्ल्सचं कुटुंब, दुसरीकडे फिलिपचं, सगळे गुडघ्यांवर, हात जोडून. राजघराणं कायमचं प्रार्थनेत. तळघरातलं आजचं संगमरवरी दफनघर मात्र फिलिपचं नाही. ते त्याच्या नातवाच्या, चौथ्या फिलिपच्या काळात 1654 ला पूर्ण झालं. मध्ये जमिनीतून पाणी पाझरू लागल्याने काम बराच काळ अडलं होतं.

कोकणकडा
पैशांचाही विचार करा. खर्च 50 लाख डुकाटांहून (त्या काळचं चलन) जास्त. याच राजाच्या कारकिर्दीत 1557, 1560, 1575 आणि 1596 मध्ये तिजोरीने देणी थकवली. तरी काम सुरू राहिलं, कारण ठरावीक रक्कम ठरावीक उत्पन्नांतून वेगळी काढून ठेवलेली आणि जागेवर स्वतंत्र हिशेबनीस. उलट उदाहरण ग्रानादाचं. अलहंब्राशेजारी चार्ल्सचा राजवाडा, वास्तुविशारद माचुकाचा, आत 30 मीटर व्यासाचा गोल चौक. त्याचा पैसा मोरिस्कोंच्या, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांच्या करातून यायचा. 1568 ला त्यांनी उठाव केला आणि पैशाची वाटच आटली. पुढे काम रखडतच गेलं आणि छप्पर पुरं व्हायला विसावं शतक उजाडलं.

रेवदंडा
थोडं आपल्याकडे. 1581 पासून हाच फिलिप पोर्तुगालचाही राजा, म्हणजे गोवा, वसई, चौल सगळं त्याच्या नावावर. कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून 1594 ला घेतला तो याच्याच काळात. त्याच वर्षी जुन्या गोव्यात बॉम जीझसची पायाभरणी झाली आणि 1605 मध्ये तिचं अभिषेचन. तिच्यात एस्कोरियालचा काही अंश आहे का?

पाथरवट
@रेवदंडा, थेट नातं जोडू नका. बॉम जीझस येशूसंघीयांची, आणि पैसा मुख्यतः जेरोनिमो मास्कारेन्यस या पोर्तुगीज कप्तानाच्या मृत्यूपत्रातला. दर्शनी भाग जांभ्याचा, कोरीव भागाला काळा बेसॉल्ट, जो वसईहून आणल्याचं सांगतात. कारण एकच: जांभ्याला बारीक कड धरत नाही. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन, काँपोझिट असे खांबांचे प्रकार एकावर एक रचण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे आहे. एस्कोरियालच्या वेदीमागच्या भव्य चौकटीतही हेच चार प्रकार याच क्रमाने चढतात.

मृद्गंध
ग्रंथालय राहिलं. पुस्तकांच्या पाठी भिंतीकडे आणि पानांच्या सोनेरी कडा बाहेर, असं का?

सांजवात
कडांना सोन्याचा मुलामा आहे, त्या पुढे केल्या की सगळी भिंत एकसारखी दिसते. नाव शोधायचं तर ते कडेवरच लिहिलेलं असतं. मला जास्त मोलाची वाटते ती जागा. 54 मीटर लांबीचं दालन मुख्य प्रवेशद्वाराच्या वर, मठ आणि विद्यालय यांच्यामध्ये. तिबाल्दीने रंगवलेल्या छताखाली विद्यालयाच्या टोकाला तत्त्वज्ञान, मठाच्या टोकाला धर्मशास्त्र, आणि मध्ये सात विद्या. ज्याचा दरवाजा त्याची देवता. 1671 च्या आगीत हजारो हस्तलिखितं गेली, त्याची हळहळ अजून वाटते.

अश्मक
मूळ प्रश्नाकडे येतो. 1589 मध्ये एरेराने या वास्तूचे नकाशे आणि छेद तांब्यावर कोरून घेतले, आन्टवर्पच्या पेद्रो पेरेतकडून, आणि सोबत छोटी स्पष्टीकरणपुस्तिका छापली. ज्यांनी बांधलं त्यांनी जगाला काय दाखवलं? तळमजला, वरचा मजला, उभे छेद, आणि अक्षर लावून कुठली खोली कशाची. बांधणाऱ्यांनाही ही वास्तू कोण कुठे, या वाटणीतूनच समजावून द्यावीशी वाटली.

सांजवात
आणि चौकातले सहा राजे?

अश्मक
ते दारावर आहेत, आणि दारावर काय कोरायचं ते आत कोण राहतं त्यावरून ठरतं. सॉलोमनला मी दारापर्यंत मान्य करतो, @सांजवात.

सांजवात
मी त्याला गायनमंचापर्यंत नेईन. हातोड्याचा आवाज न होता लागलेले चिरे तिथवर आहेत.

कमानदार
ज्यांना छेद वाचायचा सराव नाही त्यांनी त्या छापील चित्रांतला चर्चमधून पूर्व-पश्चिम जाणारा छेद घ्यावा. आधी सपाट घुमटी शोधा, तिच्या तळाच्या पातळीने एक आडवी रेघ मारा, मग वेदी कुठे येते ते बघा. 13 सप्टेंबर 1598 ला, 53 दिवसांच्या आजारानंतर, फिलिप वारला ती खोली वेदीच्या अगदी शेजारी सापडेल.